पडताळणी, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये

माझा डावा गुडघा सरकारी आहे. बाकीचा मी खाजगी. म्हणजे सरकारने रीतसर तपासून, शिक्का मारून, सत्तेचाळीस टक्के कामातून गेलेला असं ठरवलेला हा एकच अवयव. उरलेल्या अवयवांबद्दल सरकारने अजून मत दिलेलं नाही. गुडघ्याचं असं झालं की मी लिफ्ट दुरुस्त करायचो, आणि एके दिवशी लिफ्ट जिथे असायला हवी होती तिथे ती नव्हती. मी मात्र होतो. झालं एवढंच.

दोन वर्षं मी घरी बसलो. दर महिन्याला अपंगत्व भत्ता येत होता आणि माझं बसणं दिवसेंदिवस सुधारत होतं. अशात एका दुपारी उस्ताद आले. उस्ताद म्हणजे ज्यांनी मला हातात पाना कसा धरायचा ते शिकवलं, ते. आता ते लिफ्ट कंपनीत सगळ्या मेकॅनिकांचे मुख्य आहेत.

"काय करतोस सध्या?" त्यांनी विचारलं.

"बसतो."

"मग तेच कंपनीत येऊन कर. बारा ते तीन. लिफ्टमध्ये माणूस अडकला, त्याने लाल बटण दाबलं, की आमच्याकडे घंटा वाजते. ती उचलायची, आणि आमचा माणूस पोचेपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचं. तुला बोलायला सांगावं लागत नाही. थांबायला सांगावं लागतं."

मला एकदम उजेड पडल्यासारखं झालं. अख्ख्या पृथ्वीवर माझ्या गुडघ्याला झेपेल आणि माझ्या जिभेला शोभेल अशी एकच नोकरी असेल, तर ती चालत आमच्या घरी आली होती आणि चहा पीत होती. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईने कप उचलता उचलता विचारलं, "आणि भत्ता?"

पुढचे तीन महिने आमच्या घरात जे काही घडलं ते या दोन शब्दांमुळे. आईचं चुकीचं नव्हतं. गुडघ्याचे व्यायाम, पट्टा आणि आमचं अर्धं स्वयंपाकघर भत्त्यावर चालत होतं. वर डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की वर्षा-दोन वर्षांत गुडघा पुन्हा उघडावा लागेल. तेव्हा पुन्हा चार महिने अंथरूण. नोकरी धरली म्हणून भत्ता गेला आणि मग गुडघ्यापायी नोकरीही गेली, तर? तेल गेलं, तूप गेलं. धुपाटणं तरी हाती यावं, पण त्यालाही अर्ज करावा लागणार.

काम धरलं तर भत्ता जातो का, एवढाच प्रश्न होता. मी तो इमारतीत विचारला, ही पहिली चूक.

समोरच्या काकू म्हणाल्या, "अजिबात जाऊ नकोस कामाला. माझ्या नणंदेचा दीर गेला होता. भत्ता बंद! मग नोकरीही सुटली. बिचारा आता भिंतीकडे बघत बसतो."

दोन दिवसांनी तळमजल्यावरच्या शिंप्याने सांगितलं की त्याच्या ओळखीत एक जण होता, त्याचंही असंच झालं, तोही भिंतीकडेच बघतो. मग दूधवाल्याने सांगितलं. मी थक्क झालो. एकच माणूस इतक्या लोकांच्या नात्यात असूनही त्याला प्रत्यक्ष कोणीही पाहिलेलं नव्हतं. मला तर वाटतं, प्रत्येक देशात असा एक माणूस भिंतीसमोर बसवलेलाच असतो. त्याच्या जोरावर बाकीचे घरी बसतात.

शेवटी प्रकरण परिपत्रककाकांकडे गेलं. हे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. कुठल्याशा कचेरीत तीस वर्षं पत्रांचे मसुदे करून निवृत्त झाले, पण मसुदे निवृत्त झाले नाहीत. पाणी आलं नाही तर काका 'पाणी नाही' असं म्हणत नाहीत, 'पुरवठ्याबाबत अनिश्चितता दिसून येते' असं म्हणतात. त्यांच्या घरच्या काकू त्यांच्याशी कशा बोलतात देव जाणे. बहुधा लेखी.

"हे बघ," काका म्हणाले, "आधी प्रत्यक्ष चौकशी. पण कार्यालयात जाण्यापूर्वी मला जरा चालून दाखव."

मी चालून दाखवलं.

"हे लंगडणं?"

"हो."

"यात काही आर्तता नाही रे. हे बघून कोणाचं मन द्रवणार? पाऊल टाकलंस की अर्धा क्षण थांबायचं. वर बघायचं. मग उसासा. पुन्हा कर."

मी दोन वर्षं खरोखरचा लंगडत होतो. त्यात एकही दिवस खाडा नव्हता, आणि हा गृहस्थ दोन्ही पाय धडधाकट असून मला शिकवत होता. माझा अभिमान दुखावला गेला, पण कुतूहलही वाटलं. काकांनी स्वतः करून दाखवलं तेव्हा तर माझ्या धाकट्या बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादा," ती म्हणाली, "काकांनाच पाठव. त्यांना जास्त टक्के मिळतील."

भत्ता देणाऱ्या कल्याण कार्यालयात मी असा तयारीनिशी गेलो. कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली लिफ्टसमोर दहाबारा जण उभे होते, काठ्यांवाले, कुबड्यांवाले, एक चाकाच्या खुर्चीतले आजोबा. लिफ्ट आली, दार उघडलं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला म्हणू लागला, "तुम्ही आधी." "छे, छे, तुम्ही." "अहो, तुमचे दोन्ही पाय गेलेत, माझा एकच, मला कसली घाई." इतकं सौजन्य मी एका जागी कधी पाहिलं नव्हतं. सौजन्य चालू असतानाच दार बंद झालं आणि लिफ्ट रिकामीच वर गेली. असं तीनदा झालं. मग मी जिन्याने निघालो.

वर पोचलो आणि जागच्या जागी उभा राहिलो. त्या दालनाला टोक दिसत नव्हतं. जमिनीपासून छतापर्यंत फायली. निळ्या, पिवळ्या, काही इतक्या जुन्या की त्यांचा रंग विचारणंही बरं दिसलं नसतं. हजारो गुडघे, पाठी, डोळे, कान तिथे दोऱ्याने बांधून ठेवलेले. कुठेतरी त्यात माझाही गुडघा होता, माझ्याइतकाच खरा, फक्त कमी दुखणारा. मी नकळत आवाज खाली आणला.

खिडकी क्रमांक सातवर एक मॅडम होत्या. करड्या केसांचा घट्ट अंबाडा, नाकावर चष्मा. माझी पाळी आली तसा मी काकांचं शिक्षण सुरू केलं. पाऊल, अर्धा क्षण, वर नजर, उसासा.

मॅडमनी फाईल उघडली. मग माझ्याकडे पाहिलं. मग परत फाईलकडे.

"इथे डावा लिहिलाय."

उत्साहाच्या भरात मी उजव्या पायाने लंगडत होतो.

"डावाच आहे," मी म्हणालो आणि घाईने पाय बदलला.

"विचारा."

"मॅडम, मी कामाला लागलो तर भत्ता जाईल का?"

"लागलात?"

"नाही. लागणार आहे. म्हणजे, जाणार नसेल तर लागणार आहे."

"हा परिस्थितीतील बदल कळवण्याचा अर्ज." त्यांनी एक कागद सरकवला. "हा घडलेल्या बदलाचा आहे. घडणाऱ्या बदलाचा अर्ज नाही. आधी लागा, मग दहा दिवसांत कळवा."

"पण लागल्यावर भत्ता गेला तर?"

"तर तो घडलेला बदल होईल. पुढचे."

मी इतका दिपून गेलो की आभार मानून बाहेर आलो. घरी येईपर्यंत मला कळलंच नाही की मला काहीही कळलेलं नाही.

सोमवारी मी कामावर रुजू झालो. खोली लहान, एक टेबल, एक खुर्ची, टेबलावर स्पीकर आणि भिंतीवर कंपनीचा नियम मोठ्या अक्षरांत: *अडकलेली व्यक्ती बाहेर येईपर्यंत फोन ठेवायचा नाही.* हा नियम तीन ते सहाच्या पाळीवाल्यामुळे लावावा लागला होता. तो घंटा उचलायचा, "थांबा" म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. थांबण्याखेरीज त्या माणसाला दुसरं काय करता येणार होतं, हे त्याच्या कधी लक्षात आलं नाही.

पण काय नोकरी होती! चार फूट बाय चार फुटांच्या पेटीत बंद झाल्यावर माणूस काय काय बोलतो. एका बँकेच्या साहेबांनी मला सांगितलं की त्यांना लहानपणी ढोल वाजवायचा होता. एक बाई पहिली दहा मिनिटं कंपनीला शिव्या देत होत्या आणि पुढची वीस मिनिटं आपल्या सुनेची तारीफ करत होत्या. वर "तिला सांगू नका हं" असं बजावलं. मी न दिसणाऱ्या, न ओळखणाऱ्या माणसांचा जीव मुठीत धरून बसायचो आणि दार उघडल्याचा आवाज आला की अलगद मूठ उघडायचो. गुडघा दुखतोय याची आठवण तीन वाजता यायची.

दहा दिवसांत अर्ज भरायचा होता. तो परिपत्रककाकांनी भरला, ही दुसरी चूक. रकाना होता, 'कामाचे स्वरूप'. मी म्हणालो, "लिहा, अडकलेल्या लोकांशी फोनवर बोलणे."

काकांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. "सरकारी कागदावर 'बोलणे' लिहितात का? आणि 'अडकलेले'?" त्यांनी पेन उघडलं आणि अतिशय सुंदर अक्षरात लिहिलं: *तीव्र मानसिक तणावाने ग्रस्त व्यक्तींना तातडीची सल्ला व आधारसेवा पुरविणे.*

आम्ही सगळेच भारावलो. आईने तर तो कागद दोनदा वाचायला घेतला. आपला मुलगा एवढं काही करतो हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. मलाही.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पाकिटावर माझ्या नावाआधी 'डॉ.' लिहिलं होतं. आत पत्र होतं की आपण भत्ता घेत असताना वैद्यकीय व्यवसाय करीत असल्याचे आपणच कळविले असून, गुरुवारी दुपारी चार वाजता पुनर्पडताळणीसाठी हजर राहावे. हजर न राहिल्यास भत्ता कायमचा बंद करण्यात येईल.

'कायमचा' हा शब्द आईने बोट ठेवून वाचला. मग बोट तिथेच ठेवून खाली बसली.

"मी समजावून सांगतो त्यांना," मी म्हणालो.

"काय सांगशील? डॉक्टर नाहीस म्हणून? मग खोटं का लिहिलंस, म्हणतील."

"खोटं नाही लिहिलं," काका म्हणाले. "उचित शब्दयोजना केली."

आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की काका शब्दयोजना न करताच वर गेले.

दरम्यान पोस्टमनने 'डॉ.' वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या काकू दारात. "तू सांगितलं नाहीस कधी! बरं, मला रात्री जेवल्यावर छातीत जळजळ होते."

"काकू, मी डॉक्टर नाही."

"तुमच्या घरात पहिल्यापासून भारी विनय. पण जळजळ कशाने असेल?"

"रात्री उशिरा जेवत असाल."

"अगदी बरोबर!" काकू बाहेर जाऊन म्हणाल्या, "नाडीसुद्धा बघितली नाही. नुसत्या आवाजावरून ओळखलं." संध्याकाळपर्यंत शिंपी कंबर घेऊन आला. धाकटीने त्याला बाहेर खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, "दादा आत दुसऱ्या पेशंटबरोबर आहे." आत मी आणि आईच होतो. आई रडत होती, तेव्हा एका अर्थी खरंच होतं ते.

गुरुवार आला. माझा हिशेब सरळ होता. तीनला पाळी संपते, कार्यालय अर्ध्या तासावर, चारला हजर. आईने सकाळीच सगळे कागद पिशवीत घालून दिले. गुडघ्याचा फोटो, डॉक्टरांचे रिपोर्ट, आणि उस्तादांची चिठ्ठी: 'हा डॉक्टर नाही. मी याला लहानपणापासून ओळखतो.'

तीनला दहा कमी असताना घंटा वाजली.

"हॅलो? कोणी आहे का?" बाईचा आवाज. फार थंड, आणि तळाशी थरथर.

"मी आहे. घाबरू नका. कुठून बोलताय?"

"कल्याण कार्यालय. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. वीज गेलीय. काही दिसत नाही."

"किती जण आहात?"

"मी एकटी. आणि फायली."

पुढे विचारायची गरज नव्हती. खिडकी क्रमांक सात. 'पुढचे' हा शब्द ज्या आवाजात मी ऐकला होता, तोच आवाज आता लहान झाला होता.

मी उस्तादांना दुसऱ्या फोनवर गाठलं. ते दोन मेकॅनिकांसह शहराच्या दुसऱ्या टोकाला एका रुग्णालयाच्या लिफ्टमध्ये होते. तिथे अडकलेला माणूस स्ट्रेचरवर होता. "तास-सव्वा तास," उस्ताद म्हणाले. "धीर दे त्यांना."

खोटी वेळ सांगायची नाही असा माझा नियम होता. खरी सांगितली. पलीकडून श्वास ऐकू आला, आखूड, भराभर. "मला बंद जागेत... मी रोज जिन्यानेच जाते. आज फायली होत्या म्हणून..."

एरवी मी अशा वेळी घरचं विचारतो. "घरी कोण कोण असतं, मॅडम?"

"वैयक्तिक माहिती देता येत नाही."

तेवढ्यात तीन वाजले. तीन ते सहावाला आला, पिशवी टांगली आणि हात पुढे केला. "सरक. मी बघतो. थांबा म्हणून सांगतो त्यांना."

"कोण आलं?" स्पीकरमधून आवाज आला. "तुम्ही जाताय?"

पिशवी दाराशी होती. त्यात माझा गुडघा होता, पुढच्या वर्षीचं अंथरूण होतं, आईचं बोट होतं. आता निघालो तर चारला पोचत होतो. भिंतीवरच्या नियमात पाळी बदलल्यावर काय करायचं ते लिहिलेलं नव्हतं. मी खूप वेळ तो नियम वाचला. तो एकाच ओळीचा आहे.

"नाही," मी म्हणालो. "मी कुठेच जात नाही."

तीन ते सहावाला खांदे उडवून चहा प्यायला गेला.

"मॅडम, मग नियम सांगा," मी म्हणालो.

"कुठले?"

"तुमचे. भत्त्याचे. अगदी पहिल्यापासून."

अंधारातून आवाज आला, "कलम एक. या नियमांस..." आणि त्या सुरू झाल्या. पहिल्या कलमाला आवाज चिरकत होता. तिसऱ्याला सरळ झाला. सातव्याला त्यांना लय सापडली. पुस्तक नाही, दिवा नाही, आणि ही बाई उपकलमांसकट, अपवादांसकट, कंसांसकट नियम म्हणत होती, एखाद्या मुलीने अंगणात उभं राहून पाढे म्हणावेत तसे. मी बऱ्याच इमारतींच्या पोटात शिरून पाहिलंय, वजनं, चाकं, दोर, सगळं कसं एकमेकांना तोलून धरतं ते. पण इतकं मोठं यंत्र एका माणसाच्या डोक्यात फिरताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी खुर्चीत सरळ बसलो.

"कलम चौदा. कामाची चाचणी. लाभार्थ्याने काम सुरू केल्यास पहिले बारा महिने ही चाचणी समजून भत्ता पूर्ववत चालू ठेवावा."

माझा हात टेबलावर होता तिथेच राहिला.

"चौदा, अ. चाचणीनंतर काम टिकल्यास भत्ता थांबवावा. परंतु पुढील तीन वर्षांत प्रकृतीमुळे काम सोडावे लागल्यास नव्या अर्जाशिवाय भत्ता पुन्हा सुरू करावा. चौदा, आ. प्रयत्न फसल्यास, केवळ तो केला होता या कारणाने लाभार्थ्याचे नुकसान होऊ नये."

"परत म्हणा, मॅडम."

त्यांनी परत म्हटलं.

शाळेत, घरात, कंपनीत, मला आजवर असं कोणी म्हटलं नव्हतं. पडलास तर पडल्याचं आम्ही बघू, चढलास म्हणून बोलणार नाही. आणि हे वाक्य तिसऱ्या मजल्यावर दोऱ्याने बांधून ठेवलेलं होतं.

"हे मी तुम्हाला... म्हणजे हे खिडकीवर का सांगत नाही?"

"कोणी विचारत नाही. लोक विचारतात, भत्ता जाईल का. 'जाईल का' असं कलम नाही. मागे रांग असते. तीस सेकंदांत चौदावं कलम होत नाही." मग एकदम, "किती वाजले?"

"चारला पाच कमी."

"अरे देवा. चार वाजता एक डॉक्टर यायचे आहेत. दुपारनंतर पडताळणीही मीच करते, आमच्याकडे माणसं नाहीत. भत्ता घेतात आणि दवाखाना चालवतात, बघा! बंद करायची टिपणी माझ्या हातातच आहे."

"ते येणार नाहीत, मॅडम."

"पळाले?"

"नाही. तुमच्याशी बोलतायत."

लिफ्टमध्ये शांतता पसरली की ती वेगळीच असते, तिला भिंती असतात. मी सगळं सांगितलं. काका, उचित शब्दयोजना, काकूंची जळजळ, शिंप्याची कंबर. पलीकडून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं श्वास लागला. त्या हसत होत्या.

मग त्यांनी घसा साफ केला. "म्हणजे तुम्ही तीन वाजता निघू शकला असतात."

"हो."

"मी कोण ते माहीत असून बसलात. आणि सांगितलं नाहीत."

"तुम्ही आधीच घाबरलेल्या होतात. त्यात माझी फाईल कशाला."

"चार वाजले का?"

"वाजले."

"कलम एकवीस," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पुन्हा खिडकीएवढा मोठा झाला. "लाभार्थी हजर राहू शकत नसल्यास अधिकाऱ्याने लाभार्थ्यापर्यंत पोचावे. मी पोचलेय. प्रश्न एक."

"तुम्हाला अंधारात लिहिता कसं येईल?"

"लिहायचं कशाला? लक्षात राहतं. प्रश्न एक. जिना चढता येतो का?"

"येतो. तीन मजले चढलो की कशासाठी आलो होतो ते आठवायला वेळ लागतो."

"उभं किती वेळ राहता येतं?"

"दहा मिनिटं. काका शिकवत असतील तर पाच."

एकामागून एक प्रश्न येत होते. वाकणं, उचलणं, वळणं. मी खरी उत्तरं देत होतो, आर्तता न घालता. अडतिसावा प्रश्न आला. "एका जागी सलग किती वेळ बसू शकता?"

"तुम्ही बाहेर येईपर्यंत."

त्या हळूच म्हणाल्या, "एकोणचाळीस," आणि पुढे गेल्या. एक्केचाळिसावा प्रश्न शेवटचा होता. "लाभार्थ्याची स्वतःची काम करण्याची इच्छा आहे का?"

तीन महिन्यांत नणंदेच्या दिरापासून शिंप्यापर्यंत सगळ्यांचं मत घेऊन झालं होतं. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. तो सरकारने विचारला, बंद पडलेल्या लिफ्टमधून.

"आहे," मी म्हणालो.

सव्वाचारला लोखंडावर लोखंड घासल्याचा ओळखीचा आवाज आला आणि उस्ताद म्हणाले, "या बाई, हात द्या. आधी फायली? बरं, फायली द्या." मी फोन ठेवला. गुडघा इतका आखडला होता की उठायला मला तीन ते सहावाल्याचा खांदा धरावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहीसाठी बोलावणं आलं. मी जिन्याकडे वळणार तेवढ्यात मॅडमच तीन मजले उतरून खाली आल्या. त्या आता लिफ्टकडे बघतही नाहीत. पहारेकऱ्याच्या टेबलावर त्यांनी फाईल उघडली. एक्केचाळीस उत्तरं, क्रमाने, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. काकांचं सुंदर अक्षर खोडून वर लिहिलं होतं, 'अडकलेल्या लोकांशी फोनवर बोलणे'. अडतिसाव्या रकान्यात होतं, 'एक तास पंचवीस मिनिटे. अधिकाऱ्याचा प्रत्यक्ष अनुभव.' आणि खाली निर्णय: कामाची चाचणी, बारा महिने, भत्ता पूर्ववत. त्याखाली चौदा-आ पूर्ण उतरवून काढलेलं. "हे आईंना दाखवा," त्या म्हणाल्या.

"मॅडम, हे वाक्य कोणी लिहिलं?"

"माहीत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा होतंच."

मी वर पाहिलं. माझ्या जन्माच्याही आधी कुठल्यातरी खोलीत, कुठल्यातरी टेबलाशी बसून, नाव न लिहिणाऱ्या कोणा एका माणसाने विचार केला होता की एखादा पडेल, मग उठून बघेल, आणि कदाचित पुन्हा पडेल. तेव्हा त्याला कोणी रागावू नये. मग त्याने पेन खाली ठेवलं असेल, चहा प्यायला असेल आणि पंधराव्या कलमाला लागला असेल.

सही करताना माझा हात थरथरत होता.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "हाताचा अर्ज वेगळा भरावा लागेल."